वळिवड्याला उतरून बघा की एकदा! कोल्हापूरच्या वेशीवर अर्धा दिवस कसा घालवायचा

कोल्हापुरात वाढलेल्या माणसानं गांधीनगरला किती फेऱ्या मारल्या याचा हिशोब विचारू नये. ताईच्या लग्नाचा बस्ता, मावसभावाचा बस्ता, दिवाळीची कापडं, सगळं तिथंच. तावडे हॉटेलपासनं आत वळायचं, गाडी लावायला जागा शोधत अर्धा तास घालवायचा, आईनं चाळीस साड्या उलगडायला लावायच्या आणि शेवटी पहिलीच दाखवलेली घ्यायची, मग पिशव्या पायात घेऊन घरी. एवढ्या वर्षांत ते गाव म्हणून कधी बघितलंच नाही. शेजारचं वळिवडे तर लांबच, ते आमच्यासाठी फक्त मिरजेला जाताना खिडकीतनं दिसणारी पिवळी पाटी.

मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान पोलंडला गेले आणि वॉर्सॉमधल्या कोल्हापूरच्या स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली अशी बातमी आली. पुण्यातल्या मित्राचा लगेच फोन, "अरे तुमच्या कोल्हापूरचं स्मारक तिकडं पोलंडात कशाला?" मी आपलं "ते वळिवड्याला पोलिश लोकांचा कॅम्प होता ना" एवढं सांगून गप्प, कारण पुढचं मलाच धड माहीत नव्हतं. लाज वाटली राव. पुढच्याच आठवड्यात सुट्टी टाकून गेलो, त्यानंतर चार-पाच वेळा गेलोय, पाहुण्यांनाही घेऊन गेलोय, आणि दरवेळी कोणतरी विचारतंच की नेमकं जायचं कसं, बघायचं काय. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून टाकतोय.

आधीच सांगतो, तिकिट लावून बघायचं असं तिथं काही नाही, पन्हाळ्यासारखा पॉईंट नाही की सेल्फीचा बोर्ड नाही. पाहुण्यांना "फेमस काय आहे" असलंच विचारायचं असेल तर त्यांना सरळ अंबाबाईला आणि रंकाळ्याला न्या, सगळे खुश.

दिवस कुठला धरायचा

आठवड्याच्या मधला वार. लग्नसराई आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तर अजिबात नको, तेव्हा गांधीनगरच्या मेन रोडवर माणूस चालत नाही, ढकलला जातो. चेटीचंडच्या दिवशी, म्हणजे पाडव्याच्या आसपास, सिंधी दुकानं उघडी सापडतील या भरवशावर जाऊ नका, पण त्यांचा सण बघायचा असेल तर मग तोच दिवस धरा.

सगळ्यात बेस्ट म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी धुकं असतंय, ऊसतोड चालू असते, गुऱ्हाळं पेटलेली असतात. पावसाळ्यात जाणार असाल तर सकाळी उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची, हे कोल्हापूरकराला सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी लिहितोय. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पाणी ३५ च्या वर सरकायला लागलं की बेत पुढं ढकला. २०१९ आणि २०२१ ला तर रुकडीजवळच्या पुलापाशी पाणी एवढं चढलं की गाड्याच बंद झाल्या होत्या.

गाडीनं नको, रेल्वेनं जा

तावडे हॉटेलकडनं टू व्हीलरवर गेलात तर तुम्ही थेट बाजाराच्या तोंडात जाऊन पडता, आणि एकदा बाजारात शिरलं की माणूस गिऱ्हाईक होतंय, मग गाव दिसत नाही. केएमटीची बस आहे, वडापच्या, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणाऱ्या, रिक्षा आहेत, पण तेही तिथंच नेऊन सोडणार. रेल्वेनं गेलं की गावात मागच्या दारानं शिरल्यासारखं होतं.

कोल्हापूर स्टेशन, म्हणजे छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, हे लाईनचं शेवटचं टोक. इथनं मिरजेकडं जाणारी ही लाईन १८९१ ची. गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर आणि मिरज अशी स्टेशनं लागतात. आपल्याला वळिवड्याला उतरायचंय, पण सगळ्याच गाड्या तिथं थांबत नाहीत, म्हणून बसायच्या आधी थांब्यांच्या यादीत वळिवडे आहे का ते बघा. आता डेमू म्हणतात पण खिडकीवर "पॅसेंजर कधी आहे" असं विचारलं तरी कळतंय. वेळा मी मुद्दाम लिहीत नाही, त्या बदलत राहतात, आदल्या रात्री मोबाईलवर बघून घ्या.

तिकिटाचं एक ध्यानात ठेवा. रुकडीपर्यंतचं एकच तिकीट काढून मधे वळिवड्याला उतरू आणि पुढच्या गाडीनं जाऊ असं चालत नाही, एवढ्या जवळच्या तिकिटावर मधे उतरून परत चढता येत नाही. कोल्हापूर-वळिवडे वेगळं काढायचं, तिथनं रुकडीचं वेगळं, आणि रुकडीतनं परतीचं वेगळं. तीन तिकिटं मिळूनसुद्धा एका कटवड्याच्या प्लेटएवढे पैसे होत नाहीत, त्यामुळं कंजुषी करू नका.

सकाळी कोल्हापुरात येणाऱ्या गाड्या पॅक असतात, कॉलेजची पोरं, एमआयडीसीतले, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं. आपण उलट्या दिशेनं चाललोय म्हणून आपल्याला निवांत खिडकी मिळते. तरी डब्यात कुठं चार जण गुडघ्यावर ब्रीफकेस ठेवून पत्ते खेळत बसलेले दिसले तर तिथली मोकळी जागा मोकळी समजू नका, ती पासवाल्यांची ठरलेली जागा असते आणि तो माणूस पुढच्या स्टेशनला चढतो. मी एकदा बसलो होतो. कोण काय बोललं नाही, नुसते चौघंही माझ्याकडं बघत राहिले, उठलो आपण होऊन.

गूळ मार्केट गेलं की उठून दारात या. वळिवड्याला गाडी मिनिटभरच टेकते.

उतरल्यावर: आधी पोलंड

बाजाराकडं वळायच्या आधी हा भाग करा, सकाळची शांतता असते तोवर.

गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला रशियानं पूर्व पोलंड गिळला आणि तिथली हजारो कुटुंबं उचलून सायबेरियात नेऊन टाकली. १९४१ ला हिटलर रशियावरच उलटला तेव्हा या लोकांना सोडलं, पण परत जायला देशच उरला नव्हता. मग इराणमार्गे काही जण हिंदुस्थानात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ पोरांची सोय केली, ते बऱ्याच जणांना माहीत असतंय. पण मोठा कॅम्प कुठं होता तर आपल्या कोल्हापूर संस्थानात, या वळिवड्याच्या माळावर. १९४३ ते १९४८. साधारण ५ हजार माणसं, जास्त करून बायका, पोरं आणि म्हातारी, कारण कर्ते पुरुष लढाईवर. लांबच्या लांब बराकी, त्यांची शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचं थिएटर, सगळं इथं. नंतर बालाचडीची पोरंही इकडंच आणली. सायबेरियाच्या बर्फातनं निघालेली पोरं पंचगंगेत डुंबत होती, विचार करा.

कॅम्प मोडल्यावर त्यातले बहुतेक लोक इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे पांगले. आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधनं आलेली कुटुंबं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर. म्हणजे एक घर गमावलेली माणसं निघाली आणि दुसरी घर गमावलेली त्याच छपराखाली आली. आम्ही तिथं शंभर रुपये कमी करा म्हणून भांडत होतो आणि यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं.

आता बघायचं काय. २०१९ ला वळिवड्यात स्मृतिस्तंभ उभारलाय, तिथं जा. पत्ता विचारताना "पोलिश मेमोरियल" वगैरे बोलू नका, "पोलंडचा स्तंभ कुठं आला" म्हणा, शाळकरी पोरगंसुद्धा सांगतंय. स्तंभ बघायला पाच मिनिटं पुरतात. खरं बघायचं ते गांधीनगरच्या आतल्या गल्ल्यांत आहे. गावठाणातल्या गल्ल्या कशा असतात, वाकड्यातिकड्या, मधेच देऊळ, मधेच कुणाचा तरी गोठा. इथं एकदम सरळ रांगा लागतात, पट्टीनं आखल्यासारख्या. बहुतेक बराकी पाडून नाहीतर वाढवून त्यावर मजले चढलेत, खाली दुकान वर घर. पण रांग मोडलेली नाही. एका गल्लीच्या तोंडाशी उभं राहून शेवटपर्यंत नजर टाका, घरांची रुंदी मोजा डोळ्यानं, मग कळतं की हे गाव आपोआप वाढलेलं नाही, कुणीतरी कागदावर आखलंय.

फोटो काढताना एवढं करा, लोकांच्या घरांचे फोटो विचारून काढा. आतल्या गल्ल्यांत माणसं राहतात, अंगणात कपडे वाळत असतात, आजी ऊन खात बसलेल्या असतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका जुन्या कौलारू पडवीकडं मोबाईल धरला, तर आतनं आवाज, "ओ दादा, सर्व्हेवाले का तुम्ही?" म्हटलं नाही मावशी, पोलंडवाल्यांचं बघायला आलोय. "मग या की आत, बाहेरनं काय दिसणार." चहा झाला. त्यांच्या सासूबाई सिंधमधनं आल्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. मावशी सुनेशी सिंधीत, माझ्याशी अस्सल कोल्हापुरीत आणि फोनवर कुणाशीतरी कन्नडमध्ये बोलत होत्या, आणि तिन्हींत सारख्याच स्पीडनं.

ज्यांना या विषयात आणखी रस आहे त्यांनी परत आल्यावर कोल्हापुरात महावीर उद्यानात जा, तिथं पोलिश लोकांचं स्मारक आहे. शेकडो वेळा त्या बागेत भेळ खाल्ली असेल, वाचलं कुणी नसेल. कॅम्पात असताना जे वारले त्यांच्या कबरी शहरातल्या ख्रिश्चन दफनभूमीत आहेत.

मग बाजार, पण तासभरच

गांधीनगर म्हणजे कापडाचं होलसेल, इकडं सगळा पश्चिम महाराष्ट्र, खाली कोकण आणि पलीकडं निपाणी-बेळगावपर्यंतचे दुकानदार इथनं माल भरतात. बऱ्याच दुकानांत सुटं देत नाहीत, सेट नाहीतर गठ्ठाच घ्यावा लागतो, म्हणून आत शिरतानाच "सुटं देता का काका" विचारून घ्या, उगाच वीस पीस उघडायला लावून मग नको म्हटलं की तेही चिडतात. सुटं देणारी पण भरपूर आहेत. घासाघीस होते, पण कोल्हापुरी आवाज चढवून काही उपयोग नाही, समोरचा तुमच्यापेक्षा शांत असतो आणि जिंकतो.

माझं ऐकाल तर काही घेऊ नका. पिशव्या झाल्या की पुढचं चालणं होत नाही. फार तर सिंधी पापड घ्या, वजनाला हलके. आणि दाल पकवान मिळालं तर खा. कडक तळलेली पुरी, वर चण्याच्या डाळीचं वरण, चटणी, बारीक कांदा. आपल्या माणसाला सकाळी कटाची मिसळ लागते त्यामुळं पहिल्या घासाला तिखट कुठाय असं वाटतं, पण तिसऱ्या घासाला पटतं.

वळिवडे गावठाण आणि नदीकडं

बाजार मागं टाकून वळिवडे गावात शिरलं की आवाज असा बंद होतो की कुणीतरी बटण दाबलंय. देवळाचा कट्टा, डेअरीपुढं किटल्या, दारात म्हस. इथली तरणी माणसं दिवसा कोल्हापुरात नाहीतर शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, त्यामुळं अकरा ते चार गाव म्हाताऱ्यांचं आणि म्हशींचं. शांत गाव म्हणजे काय ते बघायचं असेल तर हीच वेळ. कट्ट्यावर बसलेल्या आजोबांना रामराम घाला आणि बसा जरा. "कुठल्या गावचं?" हा पहिला प्रश्न येणार, "कुणाचं?" हा दुसरा. दोन्ही उत्तरं तयार ठेवा.

तिथनं नदीकडचा रस्ता विचारून उसातनं चालत जा. उन्हाची टोपी आणि पाणी घ्याच, मधे सावली नाही. पाण्यात उतरू नका, पंचगंगेच्या पाण्याचं काय झालंय ते रोज पेपरात येतंय, पोलंडच्या पोरांची नदी आता राहिली नाही.

हंगामात वाटेला गुऱ्हाळ दिसलं, म्हणजे चिमणीतनं धूर आणि हवेत तो गोडसर वास, तर वाकडी वाट करून जायचंच. कामाची गडबड असते म्हणून आधी लांब उभं राहून "बघू का मामा" विचारा, कोण नको म्हणत नाही. चुलवाणात चिपाड टाकतात, वर भली मोठी काहील, त्यात रस उकळत असतो आणि फेसाचा रंग हिरवटावरनं सोनेरी होत जातो. सगळा खेळ गुळव्याच्या हातात. तो पाकाचे दोन-चार थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत धरून गोळी करतो, दाबून बघतो. गोळी मऊ असली तर अजून थांबा, बरोबर असली तर एक हाक, आणि चार जण धावत येऊन काहील उतरवतात. तिथं घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. अर्ध्या मिनिटाचा फरक झाला तर गूळ एकतर चिकट राहतो नाहीतर करपतो. एकाला मी विचारलं, मामा कळतंय कसं? तो म्हणाला, "कळत न्हाई, बोटाला ऐकू येतंय." गरम गूळ पळसाच्या पानावर नाहीतर कागदावर देतात, जीभ भाजते, तरी खा. काकवी घ्यायची तर बाटली घरनं न्यावी, आणि झाकण घट्ट लागतं का ते बघूनच. माझ्या सॅकमध्ये एकदा सांडली होती, ती सॅक शेवटी टाकली.

पूल आणि रुकडी

परत वळिवडे स्टेशनला येऊन पुढच्या पॅसेंजरनं रुकडीला चला. प्रवास मोजून काही मिनिटांचा, पण त्यात पंचगंगेचा पूल लागतो आणि या सगळ्या लाईनवरचं सुंदर दृश्य तेच. उन्हाळ्यात नदी खाली खोल, काठाला बगळे आणि पाणी उपसायच्या मोटारींच्या पायपांची रांग. दारात लटकून रील काढू नका, खिडकीतनंही तेवढंच दिसतं.

रुकडी तसं मोठं गाव, हातकणंगले तालुक्यात येतं. स्टेशनवर झाडाखाली बाकडं बघून बसा, एकेरी लाईन असल्यामुळं इथं गाड्या क्रॉसिंगला थांबतात आणि तो वेळ कसा जातो ते बघण्यासारखं असतं, माणसं उतरतात, चुना मळतात, लांबनं येणाऱ्या गाडीचा अंदाज घेतात, पंखा बंद असलेल्या डब्यातली बाळं रडतात, आणि सिग्नल पडला की सगळे एकदम आत. गावात फेरी मारायची तर अर्धा-पाऊण तास पुरतो, नाही मारली तरी चालतंय.

त्यापेक्षा वेळ असेल तर रुकडीतनं रिक्षा करून माणगावला जाऊन या, जवळच आहे. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं माणगाव परिषद झाली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते, शाहू महाराज स्वतः हजर होते, आणि भर सभेत महाराजांनी तिथल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळालाय. आंबेडकर तेव्हा २८ वर्षांचे. एवढी मोठी गोष्ट आणि ती या उसाच्या पट्ट्यातल्या खेड्यात घडली. २१ मार्चला गेलात तर गर्दी असते, एरवी शांत. जाताना रिक्षावाल्याला थांबायला सांगा आणि यायचे-जायचे पैसे आधीच ठरवा, माणगावातनं परत रिक्षा मिळेलच असं नाही.

परतीचं

संध्याकाळी दिशा पुन्हा आपल्या बाजूची, मिरजेकडं जाणाऱ्या गाड्या भरलेल्या आणि कोल्हापूरला येणाऱ्या त्या मानानं मोकळ्या. पण एक गाडी चुकली की पुढचीला बराच वेळ असतो, हे मी अनुभवानं सांगतोय. पहिल्याच फेरीत रुकडी स्टेशनबाहेर भजी तळताना दिसली, म्हटलं गाडी नेहमी लेटच असते, एक प्लेट होईल. त्या दिवशी गाडी टाइमावर आली. मी हातात प्लेट घेऊन फलाटावर, गाडीचा शेवटचा डबा पुढं, आणि भजीवाला मागनं ओरडतोय, "पाव्हणं, प्लेट स्टीलची हाय!"

तसं झालंच तर घाबरायचं काही नाही. रुकडीतनं अतिग्रे फाट्याला वडाप मिळतं, तिथं कोल्हापूर-सांगली रस्ता लागतो आणि एसटी दर थोड्या वेळानं आहेतच, हात केला की थांबतात असं नाही, फाट्यावरच्या थांब्याला उभं राहा. फक्त अंधार पडायच्या आत निघा, त्या रस्त्याला संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्या बिनलाईटच्या चालतात आणि वडापवाला त्यांना ओव्हरटेक करताना तुमच्याकडं वळून बोलत असतो.